न तापलेली इस्त्री

कागदोपत्री माझा हुद्दा बराच लांबलचक होता. घरी 'विजेच्या कंपनीत आहे' एवढंच सांगत, आणि ज्यांच्या दारात मी उभा राहत असे ते आत वळून ओरडत, "लाइटवाला आला!" या सगळ्यांत मला हेच नाव आवडायचं, कारण ते ऐकल्यावर निदान कुणीतरी खुर्ची पुढे करी. दिवाळी अंकाच्या संपादकबाई मला म्हणाल्या, "नोकरीतला एखादा थरारक अनुभव लिहा." मी दाब कमी येण्याच्या तक्रारी पाहत असे. आमच्या कामात थरार आला की फ्यूज जायचा, आणि तो घालायला दुसरा माणूस असे.

तरीही लिहितो, कारण काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

काम समजायला सोपं आहे. खांद्यावर चामड्याची पेटी, पेटीत दोन मीटर. एकानं विजेचा दाब मोजायचा, म्हणजे व्होल्ट. दुसऱ्यानं प्रवाह, म्हणजे अँपिअर. बाकीचं मोजायचं नाही, काढायचं. दाबाला प्रवाहानं भागलं की त्या वस्तूचा विरोध निघतो, त्याला ओहम म्हणतात. दाबाला प्रवाहानं गुणलं की ती वस्तू किती वॅट शक्ती खाते ते कळतं. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही माझी नोकरी करता आली असती. सुदैवानं हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुस्तकांत विजेला पाण्याच्या नळाची उपमा देतात. आमच्या परळच्या चाळीत ती चालत नसे, कारण नळाला पाणीच नसे. मी गिरणीच्या फाटकाचं उदाहरण देई. पाळी सुटली की मागून जो रेटा येतो तो दाब. फाटक जितकं अरुंद तितका विरोध. आणि बाहेर पडतात ती माणसं म्हणजे प्रवाह. रेटा वाढला तर माणसं जास्त सुटतात, फाटक अरुंद केलं तर कमी. एवढं ज्याला कळलं त्याला अर्धं शास्त्र कळलं, असं मी म्हणे. उरलेलं अर्धं मलाही निवृत्त होईपर्यंत पुरलं.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. गिरगावात एक निवृत्त हेडक्लार्क होते. संध्याकाळी दिवा पिवळा पडतो म्हणून त्यांनी तक्रार केली होती. मी मीटर लावला आणि म्हणालो, "दोनशे पाच येतायत, आजोबा."

"यायला किती हवेत?"

"दोनशे तीस."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मग मधले पंचवीस कोण खातं?"

ऑफिसातल्या सवयीनं त्यांना वाटलं की मध्ये कुणीतरी माणूस असणार. मी सांगितलं, "तार खाते. तारेलाही थोडा विरोध असतो. तुमच्या गल्लीत सगळ्यांनी एकदम दिवे, पंखे, यंत्रं लावली की तारेतून प्रवाह जास्त जातो आणि तेवढा दाब वाटेतच संपतो. लाइनीच्या टोकाला राहणाऱ्याला उरेल ते."

"म्हणजे बाकीच्यांनी बंद केलं तर मला पूर्ण मिळेल?"

"अगदी बरोबर."

ते समाधानानं मान हलवून म्हणाले, "म्हणजे बाकीच्यांचीच तक्रार करायला हवी." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, एवढंच आज सांगतो. पुढे जे घडलं ते नेमकं त्यांच्या या प्रश्नातलंच होतं, फक्त उलट्या बाजूनं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. 'विरोध' हा शब्द भिंतींवर होता, पत्रकांत होता, सभेत होता आणि माझ्या तोंडातही होता. मला हिशेब पुटपुटत करायची खोड. परळला एका जिन्याखाली मी आपला मीटर धरून म्हणत होतो, "दाब वाढला, तरी विरोध तेवढाच... दाब वाढला, तरी विरोध तेवढाच..." वरून साध्या वेशातला एक गृहस्थ खाली आला. "भाषण कुणासाठी चाललंय?" मी त्याला पेटी उघडून दाखवली. त्यानं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मनातल्या मनात बोलत जा." तेवढ्यावर सुटलो.

आता लालबागचं. तिथल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर छोटं प्रसूतिगृह होतं. लाइनीच्या अगदी टोकाला. त्याच्या अलीकडे, त्याच लाइनीवर, मसाल्याची कांडपं, पिठाच्या गिरण्या, एक छापखाना आणि दोन-तीन लेथ. ही सगळी यंत्रं पाळ्या लावून रात्रंदिवस वीज ओढत आणि प्रसूतिगृहात दिवे मिणमिणत. तक्रार तिथल्या मार्था सिस्टरांची होती. त्या मूळच्या खोताच्या वाडीतल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच जुन्या ख्रिस्ती. मराठी घरचीच, पण घाई झाली की प्रत्येक वाक्यात एक 'मॅन' यायचा.

"हे बघ मॅन, दिवे पिवळे पडले तर पडू दे. माझी पेटी मात्र गार पडायला नको."

पेटी म्हणजे सुताराकडून करून घेतलेलं लाकडी खोकं, वर काचेचं झाकण, खाली दुसऱ्या कप्प्यात शेगडीची कॉइल. आत मऊ कापडात गुंडाळलेली एक मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच आलेली. तिला स्वतःची ऊब धरता येत नव्हती, म्हणून ही बाहेरची ऊब. मोठ्या इस्पितळात नेण्याइतकी ती धडधाकट नव्हती, असं डॉक्टरीणबाईंचं मत. आतला थर्मामीटर हवा तेवढा चढेपर्यंत गल्लीतल्या वायरमननं कॉइल थोडी थोडी कापून बसवली होती. कॉइल आखूड केली की विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो, पेटी जास्त तापते. त्यानं केलं ते बरोबरच होतं. रोजच्या दिवशी.

मी मीटर लावले. दाब दोनशे. प्रवाह अर्धा अँपिअर. दोनशेला अर्ध्यानं भागलं, चारशे ओहम. दोनशेला अर्ध्यानं गुणलं, शंभर वॅट. लाइनीला जाड तार बसवून द्यावी असा शेरा मी लिहिला आणि निघालो, तर दाराशी मुलीचा बाप उभा होता. किसन. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. त्याला पेटीजवळ जायची परवानगी नव्हती, म्हणून आत जाऊन आलेल्या प्रत्येकाला तो थांबवी.

"साहेब, हाय ना ती?"

"आहे की."

"आमच्या घरानं धम्म घेतला ना, त्यानंतरचं हे पयलंच मूल," तो म्हणाला. "म्हातारी रोज इचारती, पोरगी घरी कवा येणार."

त्याच आठवड्यात हरताळ झाला. कडकडीत. गिरण्या बंद, बाजार बंद, ट्राम बंद. आम्हा विजेवाल्यांना मात्र कामावर राहावं लागे. मी दादरच्या तक्रार केंद्रावर बसलो होतो. फोन एकदाही वाजला नव्हता. माझा जोडीदार पाय टेबलावर टाकून म्हणाला, "बघ, आज कुणाची तक्रार नाही. व्होल्टेज कसं मस्त आहे."

मी भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं. काटा दोनशे चाळिसावर होता. वाटेत घट होणार हे धरून दाब मुळात थोडा चढाच सोडलेला असे. मुंबईतली यंत्रं थांबली होती, तारांतून फारसा प्रवाह जात नव्हता, म्हणून तारा फारसं काही खात नव्हत्या, आणि लाइनीच्या टोकापर्यंत सगळा दाब पोहोचत होता. दिवे लख्ख असणार. लोक खूश असणार. आणि लालबागच्या त्या पेटीत?

हिशेब मी तिथंच केला. कॉइलचा विरोध बदलत नाही, चारशेच. दोनशे चाळीस भागिले चारशे, म्हणजे प्रवाह सहा दशांश अँपिअर. दोनशे चाळीस गुणिले सहा दशांश, म्हणजे एकशे चव्वेचाळीस वॅट. दाब वाढला पाचव्या हिश्शानं आणि उष्णता जवळजवळ दीडपट! लोक इथंच फसतात. त्यांना वाटतं, दाब जेवढा वाढला तेवढीच शक्ती वाढणार. पण दाबाबरोबर प्रवाहही वाढतो, आणि शक्ती म्हणजे दोघांचा गुणाकार. मोठ्या माणसाला त्याचं काही नाही. त्या मुलीला होतं.

जोडीदाराला सांगून मी मीटरची पेटी खांद्याला लावली आणि चालत निघालो. परळ ओलांडून लालबागला पोहोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी स्वयंसेवक उभे होते. त्यांत किसन. आत बसवत नव्हतं म्हणून सिस्टरांनीच त्याला बाहेर पिटाळलं होतं.

"काय साहेब, आज पण तक्रार?"

"चल वर," मी म्हणालो. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जिना चढू लागला.

सिस्टर एकट्या होत्या. आया आल्या नव्हत्या, डॉक्टरीणबाई बाहेर एका बाळंतिणीच्या घरी अडकल्या होत्या आणि आतल्या खोलीत दोघी कळा देत होत्या. "सकाळपासून हेच चाललंय, मॅन. चालू ठेवली की पोर लालबुंद होते. बंद केली की गार. मी तिकडे जाऊ की इकडे बघू? आता तर ती रडतपण नाही."

ते शेवटचं वाक्य किसननं ऐकलं. पेटीच्या अलीकडे लाकडी पार्टिशन होतं, तो तिथपर्यंत गेला आणि थांबला.

मीटर लावला. दोनशे चाळीस, सहा दशांश. केंद्रावर केलेला हिशेब जागेवर असा तंतोतंत जुळला की एरवी मला गुदगुल्या होत. त्या दिवशी मी लगेच पुढच्या हिशेबाला लागलो.

उपाय सरळ होता. कॉइलच्या वाटेत आणखी थोडा विरोध घालायचा. पूर्वीइतकी ऊब हवी तर प्रवाह पूर्वीइतकाच हवा, अर्धा अँपिअर. दोनशे चाळीस भागिले अर्धा, चारशे ऐंशी. त्यातले चारशे कॉइलचे. म्हणजे हवे आणखी ऐंशी ओहम. कागदावर हे एका ओळीत होतं. पण हरताळाच्या दिवशी ऐंशी ओहम मिळतात कुठे? कापलेले कॉइलचे तुकडे वायरमन घेऊन गेला होता आणि वायरमन मोर्चात होता. दिवा जोडावा, तर दिव्याचा विरोध तो किती पेटलाय त्यावर बदलतो, त्याचा भरवसा नाही.

"किसन, इथं विजेची शेगडी कुणाकडे आहे? किंवा विजेची इस्त्री? मोठी?"

किसन म्हणाला, "परब टेलरकडं हाय. जड इस्त्री, सुटाची."

"मग चल ना!"

"साहेब, सकाळी त्यांचं दुकान मीच बंद करायला लावलं. गिऱ्हाइकाचं कापड टेबलावर होतं. लई बोललो त्यांना."

आम्ही खाली गेलो. परब टेलर बंद दुकानाच्या पायरीवर बसून विडी ओढत होते. मालवणचे, साठीचे, तोंडानं तिखट. किसन समोर जाऊन उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी घोषणा देणारा हा माणूस, आणि आता हात जोडायचे की काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी मीच सांगितलं, पोर कुठे आहे, काय झालंय आणि इस्त्री कशाला हवी.

परबांनी विडी विझवली. किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. ती किसनपुढे धरली.

"सकाळी तूच माका बंद करूक लायलंस ना? मगे आता तूच उघड."

किसननं कुलूप उघडलं. परब आत जाऊन इस्त्री घेऊन आले.

इस्त्रीवर साडेसहाशे वॅट असं ठोकलेलं होतं. साडेसहाशेला दोनशे तीसनं भागा, प्रवाह निघतो; दोनशे तीसला त्या प्रवाहानं भागा, एक्याऐंशी ओहम. मला ऐंशी हवे होते. इतकी नेमकी वस्तू मला पुढे कधी कुठल्या भांडारातही मिळाली नाही.

इस्त्री काखेत मारून आम्ही निघालो, तर बाकीचे स्वयंसेवक आडवे आले. "ए किसन! हरताळात इस्त्री? दुकान कुणी उघडलं रे?"

"ही इस्त्री तापणार नाही," मी म्हणालो. "कपड्याला लावायची नाही. मला फक्त तिचा विरोध हवाय."

"काय हवाय?"

"विरोध!"

त्यांचा पुढारी असलेला उंच माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "विरोधच ना? मग जाऊ दे रे त्यांना," तो म्हणाला आणि सगळे हसले. किसन हसला नाही. तो केव्हाच जिन्यात होता. मागून परब, "कॉइल जळली तर कोण देतलो?" असं पुटपुटत येत होते. प्रश्न मला होता, पण पावलं इस्त्रीच्या मागे होती.

जोडणी करायला फार वेळ लागला नाही. प्रवाह आधी इस्त्रीतून, मग पेटीच्या कॉइलमधून. पार्टिशनच्या अलीकडे स्टूल, स्टुलावर उभी इस्त्री. टेस्टर लावून तिच्या अंगात वीज उतरत नाही ना ते पाहिलं. मग बटण दाबलं. अँपिअरचा काटा उचलला आणि अर्ध्यावर येऊन थांबला. सिस्टरांना म्हणालो, "आता बंद-चालू करू नका. तुम्ही त्या दोघींकडे जा. उद्या कांडपांचा आवाज सुरू झाला की इस्त्री काढून टाकायची, तोवर हात लावायचा नाही."

त्या थर्मामीटर पाहून आतल्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासानं पुन्हा आल्या, पुन्हा पाहिला, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या.

ती मुलगी जगली, हे सांगून टाकतो. पावसाळ्याच्या सुमारास घरी गेली. परबांनी इस्त्री तोवर परत घेतलीच नाही. "पुन्हा हरताळ झालो तर?" म्हणाले आणि कोळशाच्या इस्त्रीवर सूट काढत राहिले. पुढे माझी बदली झाली आणि ती गल्ली सुटली. मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची चुटपुट आहे. तिला कधी कळलंही नसेल की हरताळाच्या दिवशी एका टेलरनं दुकान उघडलं होतं. मला त्या माणसांनी जे दाखवलं त्याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे. हिशेब मला येत होता, पण ते ऐंशी ओहम माझ्याकडे नव्हते. ते गल्लीकडे होते, आणि तिनं ते दिले.

पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्या दुपारची गोष्ट. परब दाराशी बसले होते. किसन स्टुलाशेजारी जमिनीवर. आत पेटीपाशी जायला त्याला अजून परवानगी नव्हती. बराच वेळ तो वायरकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, इस्त्रीतून जेवढा करंट जातोय तेवढाच तिच्याकडं जातोय, का थोडा कमी?"

"तेवढाच. एकच वाट आहे. जेवढा इथं तेवढाच तिथं."

त्यानं हळूच इस्त्रीच्या पाठीवर तळहात ठेवला.

"हात काढ रे, भाजात," परब म्हणाले.

"नाय," किसन म्हणाला. "कोमट हाय."

तो तसाच बसला. परबांनी पुन्हा टोकलं नाही. ऊन खिडकीतून सरकलं, खाली कुणीतरी घोषणा दिली आणि थांबली. आणि मग पार्टिशनच्या पलीकडून एक आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. सिस्टर धावत आल्या, झाकणातून वाकून बघितलं आणि ओरडल्या, "रडली! किसन, ये इकडे मॅन, ये, बाहेरून बघ तिला!"

किसन उठला नाही. डोळे भरले होते, पण हात इस्त्रीवरून हलला नव्हता. माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "काढू का हात? काढला तर काय व्हनार तर नाय ना तिला?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो, "राहू दे, किसन. थोडा वेळ राहू दे."